सेंट हेलेना, असेन्शन, ट्रिस्टन: पोर्तुगीजांना ही बेटं सापडली कशी आणि पुन्हा पुन्हा गाठता आली कशी?

दक्षिणायन (धागाकर्ता)

दक्षिण अटलांटिकचा नकाशा समोर घ्या. आफ्रिका आणि ब्राझीलच्या मधल्या रिकाम्या पाण्यात तीन ठिपके दिसतील. असेन्शन साधारण ८ अंश दक्षिणेला, सेंट हेलेना १६ अंशांवर आणि पार खाली ३७ अंशांवर ट्रिस्टन द कून्या. तिन्ही ज्वालामुखीची, तिन्ही तेव्हा निर्मनुष्य. पोर्तुगीजांच्या नोंदीत ती अनुक्रमे १५०१, १५०२ आणि १५०६ साली आली.

त्याआधीची जंत्री थोडक्यात अशी: माडेइरा १४१९-२०, असोरेसची पूर्वेकडची बेटं १४२७ पासून पुढे, फ्लोरेस आणि कोर्व्हो १४५२ (दियोगो द तेव्ह), केप व्हर्द १४५६ ते १४६० च्या सुमारास, साओ तोमे १४७०-७१. मग तीसेक वर्षं दक्षिणेच्या खोल समुद्रात काहीच नाही आणि १५०१ नंतर एकापाठोपाठ एक. कारण उघड आहे. १४९७ पर्यंत या पाण्यात कुणाचं जहाज जातच नव्हतं. वास्को द गामाने वाट पाडली आणि दरवर्षी आरमार जायला लागलं.

पुस्तकांत सरसकट 'योगायोगाने सापडली' असं लिहून पुढे जातात, ते मला अपुरं वाटतं. पहिलं दर्शन योगायोगाचं असेल. पण सेंट हेलेना लांबीने जेमतेम १६-१७ किलोमीटर, सर्वांत जवळचा किनारा १,९०० किलोमीटरवर, आणि रेखांश मोजायचं कुठलंही साधन नाही. तरी पुढची ऐंशी-नव्वद वर्षं भारतातून परतणारी जहाजं तिथे पाणी भरत होती. दुसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या वेळी बेट सापडतं तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही.

वारे, अक्षांश, नांगर, पाणी, ज्याला जे ठाऊक आहे त्यांनी तपशीलवार लिहावं.

---

सुकाणू

वाऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

लिस्बनहून जहाजं मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला सुटायची. केप व्हर्दपर्यंत ईशान्य व्यापारी वारे पाठीशी असतात. त्यानंतर विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा लागतो, तिथे कधी कधी आठवडेच्या आठवडे जायचे. पट्टा ओलांडला की आग्नेय व्यापारी वारे सुरू होतात. जायचंय आग्नेयेला आणि वाराही तिथूनच येतोय. चौकोनी शिडांचं जड जहाज वाऱ्याच्या रेषेला साठ-सत्तर अंशांहून जवळ जाऊ शकत नाही. मग करायचं काय? वारा डाव्या अंगाला घ्यायचा आणि नैऋत्येला, ब्राझीलच्या बाजूला उतरत जायचं. ३० ते ३५ अंश दक्षिणेला पोचलं की पश्चिमी वारे मिळतात आणि तिथून पूर्वेला केपकडे (केप ऑफ गुड होप) वळायचं.

गामाने १४९७ मध्ये हेच केलं. ३ ऑगस्टला केप व्हर्दच्या सांतियागोहून निघाला, त्यानंतर जमीन दिसली ती ४ नोव्हेंबरला. तीन महिने नुसतं पाणी.

आता या कमानीवर सेंट हेलेना कुठे येतं ते बघा. जाणाऱ्या जहाजापासून ते दोन हजार किलोमीटरच्या वर, आणि तेही वाऱ्याच्या तोंडावर. म्हणजे भारताकडे जाताना ते गाठायचा विचारही करायला नको. परतताना मात्र चित्र उलटं. कोची-गोव्याहून डिसेंबर-जानेवारीत सुटलेलं जहाज केपला वळसा घालतं आणि तेच आग्नेय वारे पाठीला घेऊन वायव्येला निघतं. त्या वाटेवर, केपपासून सुमारे ३,१०० किलोमीटरवर, सेंट हेलेना अगदी समोर. तिथून आणखी १,३०० किलोमीटरवर असेन्शन. पुढे विषुववृत्त ओलांडून ईशान्य वारा उजव्या अंगावर घेत असोरेसच्या अक्षांशापर्यंत, म्हणजे ३८-३९ अंश उत्तरेपर्यंत चढायचं आणि तिथल्या पश्चिमी वाऱ्यावर लिस्बन. गिनीच्या किनाऱ्यावरून परतणारी जहाजं हाच मोठा वळसा पंधराव्या शतकापासून घेत होती. असोरेस बेटं त्यांच्या इतकी कामाची ठरली ती यामुळेच.

पोर्तुगीज कप्तान जोआंव द नोव्हाला १५०२ मध्ये सेंट हेलेना दिसलं ते परतीच्या वाटेवर. ट्रिस्टन द कून्याला १५०६ मध्ये त्याच्या नावाचं बेट दिसलं ते जाताना, कारण त्याचा ताफा नेहमीपेक्षा जास्त दक्षिणेला, पश्चिमी वाऱ्यात उतरला होता. कुठलं बेट कुणाला दिसणार हे वाऱ्यानेच ठरवलेलं होतं.

---

नतांश

सुकाणू यांनी वाट सांगितली. आता त्या वाटेवर १६ किलोमीटरचा ठिपका नेमका कसा गाठायचा ते.

रेखांश कळत नाही, अक्षांश कळतो. म्हणून थेट बेटावर नेम धरायचाच नाही. आधी बेटाच्या बऱ्याच पूर्वेला, वाऱ्याच्या बाजूला, १६ अंश दक्षिणेवर यायचं. मग तो अक्षांश धरून सरळ पश्चिमेला जात राहायचं, बेट दिसेपर्यंत. पूर्वेला किती दूर आहोत याचा अंदाज दोनशे किलोमीटरने चुकला तरी बिघडत नाही, दोन दिवस जास्त लागतील इतकंच. पण अंदाज उलट्या बाजूला चुकला आणि आपण आधीच बेटाच्या पश्चिमेला असलो, तर संपलं. आग्नेय वाऱ्याविरुद्ध मागे येता येत नाही.

अक्षांश काढायची कृती अशी. अॅस्ट्रोलेब (कडेला अंशांच्या खुणा आणि मधे फिरती पट्टी असलेली धातूची चकती) कडीला धरून मुख्य डोलकाठीजवळ उभं राहायचं, कारण जहाजाचा झोका तिथे सर्वांत कमी. एकाने धरायचं, दुसऱ्याने पट्टी फिरवायची. सूर्याकडे डोळा लावायचा नाही. पट्टीच्या वरच्या भोकातून आलेला उजेडाचा ठिपका खालच्या भोकावर पडेपर्यंत पट्टी हलवायची. मध्यान्हीच्या थोडं आधी सुरुवात करायची आणि सूर्य चढायचा थांबेपर्यंत वाचत राहायचं. सर्वांत मोठं वाचन म्हणजे मध्यान्हीचा उन्नतांश, क्षितिजापासूनची सूर्याची उंची. ९० मधून तो वजा केला की नतांश, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्य किती अंश कललेला आहे ते. मग कोष्टकातून त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते, घ्यायची.

प्रत्यक्ष आकडे घालून दाखवतो. २१ मे १५०२ ही रूढ तारीख घेऊ. ती ज्युलियन पंचांगातली आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने ३१ मे. सूर्याची क्रांती सुमारे २२ अंश उत्तर. सेंट हेलेनाला मध्यान्ही सूर्य उत्तरेकडे सुमारे ५२ अंश उंचीवर दिसेल. नतांश ३८. ३८ वजा २२ म्हणजे १६ अंश दक्षिण. आजचं २१ मे धरून २० अंश क्रांती वापरली तर उत्तर १८ येतं, म्हणजे दोनशेवीस किलोमीटरची चूक. जुन्या नोंदी तपासताना हा दहा दिवसांचा फरक बरेचजण विसरतात.

दुसरा सापळा नियमाचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिण क्रांतीत असतो आणि १६ अंशांवरच्या जहाजाच्याही दक्षिणेला जाऊ शकतो. तेव्हा क्रांतीतून नतांश वजा करायचा. सूर्य विषुववृत्त आणि जहाज यांच्या मधे असेल तर बेरीज करायची. तीन स्थिती, तीन नियम. मध्यान्हीची सावली कुठल्या दिशेला पडते ते आधी बघितलं नाही तर उत्तर कित्येक अंशांनी चुकतं. म्हणूनच सुकाण्यांसाठी तयार केलेल्या पोर्तुगीज नियमपुस्तिकांत सावलीची दिशा आधी विचारलेली असते.

कोष्टकं मुळात ज्योतिर्विद अब्राहम झाकुतोची. ती १४९६ मध्ये पोर्तुगालमधल्या लैरिया इथे छापली गेली. त्याच्याही आधी, १४८५ मध्ये, राजाने जुझे व्हिझिन्यो याला गिनीला पाठवून सूर्यावरून अक्षांश निघतो का हे प्रत्यक्ष मोजून घेतलं होतं. पंधरा-सोळा वर्षांनी दक्षिण गोलार्धात जे जमलं त्याचा पाया हा.

---

कोरा कागद

ध्रुवतारा का नाही वापरला? ते तर सोपं. आणि त्या काळचा अॅस्ट्रोलेब किती अचूक होता?

---

नतांश

@कोरा कागद, ध्रुवतारा विषुववृत्ताखाली दिसतच नाही आणि विषुववृत्ताच्या जरा वर असतानाही क्षितिजाच्या धुरकटपणात हरवतो. शिवाय १५०० च्या सुमारास तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे साडेतीन अंश दूर होता (आज एक अंशाहूनही कमी). त्यामुळे उत्तर गोलार्धातही नुसती त्याची उंची मोजून भागत नसे. ध्रुवमत्स्यातले दोन 'पहारेकरी' तारे वर आहेत, खाली आहेत की बाजूला, ते पाहून काही अंश मिळवायचे किंवा वजा करायचे.

अचूकतेबद्दल एक अस्सल नमुना उपलब्ध आहे. वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीतल्या विसेंते सोद्रेचं 'एस्मेराल्दा' हे जहाज १५०३ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ बुडालं. त्या जागी २०१४ मध्ये एक चकती मिळाली. व्यास १७.५ सेंटिमीटर, जाडी दोन मिलिमीटरच्या आत, वजन ३४४ ग्रॅम. लेझरने तपासल्यावर कडेच्या खुणा दिसल्या, दर पाच अंशांना एक. मधले अंश नजरेने लावायचे. इतकी हलकी, भरीव चकती वाऱ्यात फडफडणारच. पुढचे अॅस्ट्रोलेब जाड, जड आणि मधून कोरलेले केले ते त्यामुळे.

हलत्या जहाजावर एका अंशाची चूक सहज व्हायची, आणि एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. मग बेट सापडतं कसं? सेंट हेलेनाचं सर्वांत उंच टोक सुमारे ८२० मीटर. स्वच्छ हवेत ते डोलकाठीवरून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून दिसू शकतं. प्रत्यक्षात माथ्यावर ढग असतो, त्यामुळे इतक्या लांबून भरवसा नाही. पण तो ढगच खूण ठरतो. बाकीचे ढग वाऱ्याबरोबर सरकतात, हा एका जागी उभा राहतो. आणि संध्याकाळी समुद्रपक्षी थव्याने एकाच दिशेला जाताना दिसले तर जमीन तिकडे. रोज मोजमाप घेत गेलं की चुका काही अंशी एकमेकींना मारतात. रात्री मात्र शिडं कमी करून हळू जायचं. अंधारात बेट बाजूने निघून गेलं तर सगळी मेहनत वाया.

---

सुकाणू

पूरक माहिती. अंतर मोजायला दोरीचा लॉग (पाण्यात सोडून वेग मोजायची गाठींची दोरी) तेव्हा पोर्तुगीज जहाजांवर नव्हता. वेग नजरेने ठरवायचा, वेळ अर्ध्या तासाच्या वाळूच्या घड्याळावर. घड्याळ उलटं करणारा पोऱ्या पेंगला की तो अर्धा तास हिशेबातून गेला. दिशा आणि अंतराचा मेळ घालायला तयार कोष्टक होतं. एक अंश सरळ उत्तरेला १७.५ लीग, पण ईशान्येला धरून एक अंश चढायचा तर २४.७५ लीग चालावं लागेल, वगैरे. लीग सुमारे ५.९ किलोमीटरची धरली तर त्यांचा अंश १०३-१०४ किलोमीटरचा होतो, खऱ्यापेक्षा सहा-सात टक्के लहान. अक्षांश रोज सूर्यावरून दुरुस्त व्हायचा, पूर्व-पश्चिमेची चूक मात्र साठत जायची.

---

गलबत

बेट दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. सेंट हेलेनाच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभे कडे आणि फुटणाऱ्या लाटा आहेत, तिथे होडी लागत नाही. उतरायची जागा वायव्येला, आडोशाची, जिथे पुढे जेम्सटाउन वसलं. तिथे पोचायचं तर ईशान्य टोकाला वळसा घालून उत्तरेच्या कड्यांना अगदी लगटून यावं लागतं. भीतीपोटी किनाऱ्यापासून लांब राहिलात तर दरी समोर येईपर्यंत वारा जहाज पश्चिमेला ढकलतो आणि नांगर टाकायच्या पाण्यातून तुम्ही बाहेर पडता. त्या बेटाचा उथळ कठडा अरुंद आहे, पलीकडे तळ एकदम खोल जातो. दरीतून झोतासारखा वारा येतो, त्याने नांगर घसरला तरी तेच. सुटलेलं जहाज परत येऊ शकत नाही. होडी आणि पाण्याची पिंपं किनाऱ्यावर राहिली असतील तर होडीनेच जहाजाचा पाठलाग करावा लागणार.

आणखी एक धोका आहे, तो साधारण डिसेंबर ते मार्चमधला. उत्तर अटलांटिकमधल्या हिवाळी वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून याच आडोशाच्या किनाऱ्यावर आदळतात. आकाश निरभ्र, वारा नेहमीचा, आणि किनाऱ्यावर मात्र होडी फुटेल असा मारा. परतणारी जहाजं बहुधा मेच्या आसपास पोचत, त्यामुळे यातून सुटत.

पाण्याचं गणितही पाहा. गामाच्या काळचा शिधा माणशी दिवसाला सुमारे १.४ लिटर पाणी. चारशे माणसांच्या जहाजाला दिवसाला ५६० लिटर, नव्वद दिवसांना पन्नास हजार लिटर. लाकडी पिंपातलं पाणी काही आठवड्यांत हिरवं आणि कुबट होतं. म्हणून केपनंतर महिन्याभरात ताजा ओढा मिळणं हा माणसं जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. असेन्शनवर हे नाही. तिथे वाहतं पाणी जवळपास नाहीच. तिथे मिळायची ती कासवं. अंडी घालायला वाळूत आलेलं हिरवं समुद्री कासव उताणं केलं की पळू शकत नाही आणि जहाजावर कित्येक दिवस जिवंत राहतं, म्हणजे ताजं मांस. ट्रिस्टनला पाणी भरपूर, पण १५०६ मध्ये खवळलेल्या समुद्रामुळे किनाऱ्यावर उतरताच आलं नाही.

---

बाणस्तारकर

सेंट हेलेनाचा पहिला रहिवासी गोव्यातून गेला, हे या धाग्यावर यायलाच हवं.

१५११ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क मलाक्काला गेलेला असताना आदिलशाही फौजेने गोव्यातला बाणस्तारीचा किल्ला धरला. काही पोर्तुगीज सैनिक सरदार रसूल खानाला जाऊन मिळाले, त्यांच्यात फेर्नांव लोपेस होता. १५१२ च्या अखेरीस अल्बुकर्कने किल्ला वेढला. फितुरांना जीवदान द्यायचं, या अटीवर रसूल खानाने शरणागती दिली. अल्बुकर्कने जीव घेतला नाही, पण त्यांची नाकं, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तोडवला.

१५१५ च्या डिसेंबरात अल्बुकर्क वारला. त्यानंतर लोपेस मायदेशी निघाला. जहाज पाण्यासाठी सेंट हेलेनाला थांबलं तेव्हा तो रानात लपून बसला. सोबत्यांनी शोधलं, सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी बिस्किटाचं पिंप, वाळवलेलं मांस, सुके मासे, मीठ आणि जुने कपडे ठेवून ते निघून गेले. पोर्तुगीज बखरकार गास्पार कोर्रेयाने हे नोंदवलं आहे. पुढच्या जहाजाच्या वेळीही तो समोर आला नाही. ते जहाज निघताना एक कोंबडा पाण्यात पडला, तो त्याने काढून पाळला. रात्री त्याच्या डोक्याशी बसायचा आणि दिवसा हाक मारत मागे फिरायचा, असं कोर्रेया सांगतो.

हळूहळू जहाजवाले त्याला बिया, रोपं, कोंबड्या, शेळ्या देऊ लागले. अंगठा नसलेला एक हात घेऊन त्याने मळे उभे केले. मधे एकदा त्याला पोर्तुगालला नेलं, रोमला पोपपुढे जाऊन त्याने पापक्षालन करून घेतलं आणि तो परत बेटावरच आला. वारला १५४५ च्या सुमारास. राजाने एकही अधिकारी न नेमता तिथे ताज्या अन्नाचा साठा तयार झाला त्यामागे या एका माणसाचे कष्ट आहेत, आणि त्याला जी शिक्षा दिली गेली ती वाचताना आजही अंगावर काटा येतो.

---

रानवाटा

शेळ्यांचा उल्लेख आला म्हणून त्याची दुसरी बाजू. निर्जन बेटावर आधी जनावरं सोडायची आणि मग माणसं न्यायची, ही त्यांची ठरलेली पद्धत. असोरेसच्या वस्तीला परवानगी देणारं १४३९ चं राजपत्र आहे, त्यात तिथे मेंढ्या आधीच सोडल्याचा उल्लेख आहे. माडेइराशेजारच्या पोर्तो सांतो बेटावर बार्तोलोमेउ पेरेस्त्रेलोने एक सशाची मादी पिल्लांसकट सोडली. शिकारी प्राणी नाही, त्यामुळे सशांनी पेरलेलं सगळं फस्त केलं आणि वसाहतवाल्यांना काही काळ बेट सोडून माडेइराला जावं लागलं.

सेंट हेलेनाला हेच हळू गतीने झालं. शेळी मोठं झाड पाडत नाही, ती रोप खाते. त्यामुळे पहिली पन्नास-साठ वर्षं रान शाबूत दिसतं. जुनी झाडं म्हातारी होऊन पडतात तेव्हा लक्षात येतं की खालून नवीन काही आलेलंच नाही. मग उताराची माती वाहून जाते. तिथलं मूळचं एबनी नामशेष झालं असंच मानत होते. १९८० मध्ये एका कड्यावर, शेळी पोचू शकत नाही अशा जागी, त्याची दोन झुडपं सापडली आणि आजची सगळी रोपं त्या दोहोंच्या कलमांतून आणि बियांतून आली आहेत. सेंट हेलेना ऑलिव्हचं नशीब तेवढं नव्हतं, शेवटचं रोप २००३ मध्ये गेलं. जगात कुठेच नसलेली झाडं एका थांब्याच्या सोयीपायी गेली, याचा हिशेब शोधाच्या इतिहासात मांडायलाच हवा.

---

दक्षिणायन

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखेबद्दल एक मुद्दा. २१ मे हा संत हेलेनाचा दिवस पूर्वेकडच्या चर्चच्या पंचांगात आहे. रोमन कॅथलिक पंचांगात तो १८ ऑगस्ट. पोर्तुगीज कॅथलिक कप्तान पूर्वेकडचा सण धरून बेटाला नाव देईल, हे पटत नाही. म्हणून काही अभ्यासक ३ मे सुचवतात. त्या दिवशी हेलेनाला खरा क्रूस सापडल्याचा सण असे आणि तो तेव्हा कॅथलिक पंचांगातलाच होता. मला हाच तर्क जास्त पटतो.

---

नतांश

३ मे धरलं तर आजच्या हिशेबाने १३ मे. क्रांती १८ अंशांच्या थोडी वर, मध्यान्हीचा उन्नतांश ५६ च्या आतबाहेर. केपहून परतीच्या वेळापत्रकात दोन्ही तारखा बसतात, त्यामुळे वाऱ्यावरून निकाल लागणार नाही.

अवांतर, पण वसईकरांसाठी: होकायंत्राच्या सुईचा खऱ्या उत्तरेपासूनचा फरक ठिकाणागणिक बदलतो, त्यावरून पूर्व-पश्चिम कळेल अशी तेव्हा मोठी आशा होती. पोर्तुगीज दर्यावर्दी जोआंव द कास्त्रोने १५३८ मध्ये लिस्बन ते गोवा आणि पुढे उत्तरेकडे जाताना तो फरक ठिकठिकाणी मोजला. वसईजवळ सुई अचानक वेगळं दाखवू लागली. त्याने कारण दिलं, आसपासच्या खडकाचा परिणाम. आपला काळा बसाल्ट चुंबकीय असतो, म्हणजे निदान बरोबर होतं. ज्वालामुखी बेटांच्या जवळही हाच घोळ होतो, म्हणून किनाऱ्यालगत सुईपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवलेला बरा.

---

कोरा कागद

इतकं उपयोगी बेट, तर पोर्तुगीजांनी तिथे किल्ला का नाही बांधला?

---

गलबत

वर्षातून काही आठवडे जहाजं येणार, तीही फक्त परतीची. विकायला काही पिकत नाही, आणि लिस्बनहून तिथे थेट रसद पाठवायची तर आधी पश्चिमी वाऱ्यापर्यंत सगळी कमान उतरून केपच्या बाजूने वर यावं लागतं. त्या खर्चात किल्ला परवडत नव्हता. एक छोटं प्रार्थनाघर, मळे, आणि आजारी खलाशांना पुढच्या वर्षीच्या जहाजापर्यंत तिथे ठेवायची सोय, एवढ्यावर त्यांचं भागलं. लिंबू-संत्री, डाळिंब, अंजीर, मुळा, मोहरी, बडीशेप, सगळं तिथे वाढत होतं आणि स्कर्व्हीने हिरड्या सुजलेली माणसं त्यावर बरी व्हायची.

बेटाची जागा इतरांना माहीत नाही तोवर ही व्यवस्था चालली. १५८८ च्या जूनमध्ये इंग्रज थॉमस कॅव्हेंडिश जगप्रदक्षिणेहून परतताना तिथे उतरला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस असलेला डच लिन्शोटेन तिथून गेला आणि १५९६ मध्ये त्याने बेटासकट सगळा मार्ग छापून टाकला. त्यानंतर पोर्तुगीज जहाजांना त्या नांगरवाड्यात शत्रूची तोफ दिसायला लागली. १६३३ मध्ये डचांनी बेटावर हक्क सांगितला आणि १६५९ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने वस्ती केली.